नानांचं पाणी आणि माझं रसम

आमच्या घरात पाणी चोरून प्यायची पद्धत होती. माझी बायको वैजयंती फ्रीजच्या दाराआड प्यायची, मुलगी मुग्धा बाथरूममध्ये, आणि मी बँकेतूनच दिवसभराचं पिऊन यायचो. ज्यांना पाणी चोरायचं खरोखर कारण होतं ते माझे वडील, नाना, तेवढे सगळ्यांसमोर उजळ माथ्यानं प्यायचे. त्यांचं पाणी मंजूर होतं. दिवसाला पाऊण लिटर, चहा-दूध धरून.

नानांच्या दोन्ही किडन्यांनी काम सोडलं होतं. सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस. बँकेनं माझी बदली चेन्नईला केली होती आणि नंतर बहुतेक मला विसरून गेली होती, त्यामुळे आम्ही नानांनाच साताऱ्याहून तिथल्या अण्णा नगरला आणलं. (नानांनी सगळी नोकरी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात काढली. अख्ख्या गावाला दिवसाआड पाणी सोडलं. "गावानं शाप द्यायला जरा उशीरच केला," असं तेच म्हणायचे.) त्यातून मे महिना. त्या वर्षी चेन्नईलाही पाणी नव्हतं. पाण्याची लॉरी आली की इमारत रंगीत प्लॅस्टिकच्या घागरी घेऊन खाली धावायची आणि नाना गॅलरीत उभे राहून वाटपावर देखरेख करायचे.

नानांचं पाणी मोजणं माझ्याकडे होतं. रोज सकाळी मी एक बाटली शाईच्या खुणेपर्यंत भरायचो. चहा दिला की तेवढंच पाणी बाटलीतून काढून तुळशीला घालायचो. "मीटर बसव," नाना म्हणायचे, "म्हणजे तुला सुट्टी घेता येईल."

संध्याकाळचं जेवणही माझ्याकडे, कारण वैजयंती तेव्हा शिकवण्या घ्यायची. नानांचं खाणं फार कमी झालं होतं. मग शेजारच्या कावेरीबाईंनी मला रसम शिकवलं. ही मंडळी पिढ्यानपिढ्या तंजावरची. त्यांची मराठी इतकी जुनी की ऐकताना आपण धोतर नेसून बसायला हवं होतं असं वाटे. त्यांच्या हाताखाली मी आठवडाभर चिंच कोळली, मिरी कुटली आणि एके संध्याकाळी नानांच्या पानात रसम-भात वाढला.

नाना म्हणाले, "शिरीष, झकास झालंय."

माझ्या सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात नानांनी मला झकास म्हटलेलं नव्हतं. मी दहावीत गणितात पंच्याण्णव आणले तेव्हाही त्यांनी उरलेल्या पाचांची चौकशी केली होती! त्या दिवसापासून आमच्याकडे रोज रसम होऊ लागलं. नाना भातावर थोडं घ्यायचे आणि मग वाटी पुढे करायचे. एक वाटी, दुसरी, तिसरी, चौथी. चौथ्या वाटीला माझे डोळे भरून येत. (मिरीही जरा जास्तच असायची.)

आणि नेमकं तेव्हाच नानांचं वजन वाढायला लागलं.

दोन डायलिसिसच्या मध्ये दीड किलोपर्यंत ठीक. त्याच्यावर जे वाढतं ते प्यायलेलं पाणी. अंगात साठतं, धाप लागते, जिवावर बेततं. त्या सोमवारी वजनकाट्यानं तीन किलो दोनशे जास्त दाखवलं. डॉक्टर हसले नाहीत. गुरुवारी पुन्हा असंच दिसलं तर पेशंटला इथेच ठेवून घेणार, म्हणाले.

गुरुवारनंतर दोन दिवसांत शनिवार येतो, आणि त्या शनिवारी मुग्धाचं अरंगेट्रम होतं, म्हणजे भरतनाट्यमचा पहिला जाहीर कार्यक्रम. पाच वर्षं तिनं आमच्या डोक्यावर, म्हणजे आमच्या खालच्यांच्या डोक्यावर, पाय आपटले होते. पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीसाठी तिनं 'आजोबा' अशी चिठ्ठीही करून ठेवली होती.

"बाबा, आजोबा पाणी कुठे पितात ते तू शोधून काढ," तिनं मला बजावलं. "नाहीतर मी नाचणार नाही."

मला खरं तर उत्साहच चढला. मोजलेलं पाणी रोजचं पाऊण लिटर आणि अंगात साठतंय मर्यादेच्या दुप्पट. हे येतं कुठून? मंगळवारी नाना बागेत फिरायला गेले, तसा मी मागोमाग गेलो आणि झाडाआड उभा राहिलो. शेजारी शहाळेवाला. नानांना हा नक्की पाजत असणार! तो मात्र मलाच गिऱ्हाईक समजला. संशय नको म्हणून मी एक शहाळं घेतलं. अर्ध्या तासानं दुसरं घेतलं. तिसऱ्याला बाकावरून, मान न वळवता, नाना म्हणाले, "शिरीष, माझ्या वाटचंही पिऊन घे."

बुधवारी संशय कावेरीबाईंवर गेला. नाना दुपारी त्यांच्याकडे गप्पांना जात, आणि त्यांच्या घरातून ताक प्यायल्याशिवाय कुणाची सुटका नसे. मी आडून आडून विचारलं. त्या दुखावल्याच. नाना येतात, ताकाचा नुसता वास घेतात आणि पेला परत करतात, असं त्यांनी देवाची शपथ घेऊन सांगितलं. वर मलाच ताक पाजलं आणि रसम कसं जमतंय ते विचारलं. झकास, मी म्हणालो.

शेवटी मी नानांनाच विचारलं. ते म्हणाले, "गळती शोधायची तर गावभर हिंडायचं नसतं. आधी आपली टाकी तपासायची."

मी खरोखर ती खुणेची बाटली उलटीपालटी करून पाहिली. गळत नव्हती. नानांना उगाच छळतोय असं वाटून मी त्यांना त्या दिवशी पाचवी वाटी वाढली.

गुरुवारी काटा तीन किलो चारशेवर गेला.

वैजयंती खाली मान घालून उभी राहिली. मुग्धाचं तोंड एवढंसं झालं. डॉक्टरांनी कागद पुढे ओढला, तेवढ्यात सेल्वी नावाच्या सिस्टरनं मला सहज विचारलं, की हे जेवतात काय? मी सगळं सांगितलं. सकाळी उपमा, दुपारी दोन फुलके आणि भाजी, संध्याकाळी रसम-भात.

"रसम किती?"

"चार वाट्या," मी छाती काढून म्हणालो. "काल पाच. मी स्वतः करतो."

सिस्टरनं वाटीएवढा कप घेतला, नळाखाली धरला आणि मापाच्या भांड्यात एकेक करत चार कप ओतले. सहाशे मिली. पाचवा ओतण्याआधी ती थांबली, कारण माझ्याकडे बघून तिला दया आली असावी.

"पण ते पाणी नाही," मी म्हणालो. "ते जेवण आहे."

नाना पंख्याकडे बघत होते.

"नाना, तुम्हाला माहीत होतं?"

"तीस वर्षं पाणीखात्यात होतो मी."

"मग बोलला का नाहीत?"

"टाकी तपास म्हणालो ना?" मग जरा हळू म्हणाले, "आणि तू वाढताना इतका खूश दिसायचास."

डॉक्टर पहिल्यांदाच हसले. कारण सापडलं आहे, तेव्हा शुक्रवारी एक जादा डायलिसिस करू आणि शनिवारी यांना सोडू, म्हणाले. अट एकच: मुलानं वाढायचं नाही.

शनिवारी मधल्या खुर्चीवर नाना इस्त्रीचा सदरा घालून बसले आणि अडीच तास हलले नाहीत. नंतर केळीच्या पानावर जेवणं. रसमची बादली आली तसा नानांनी पानावर हात आडवा धरला आणि माझ्याकडे बोट दाखवून वाढप्याला म्हणाले, "याला वाढा."

मी ओंजळ करून प्यायलो. बरं होतं. म्हणजे तसं साधंच होतं. मला राहवेना.

"नाना, खरं सांगा. माझं याच्यापेक्षा चांगलं व्हायचं ना?"

नानांनी पानावरचा हात काढला.

"काय आहे शिरीष," ते म्हणाले, "तहान फार लागायची रे."

वैजयंतीला असा ठसका लागला की तिनं शेजारचा ग्लास उचलला आणि नानांच्या समोर, उघड उघड, तळापर्यंत प्यायला. तो माझा होता.