दोरीपलीकडे गेलेले शिकारी कोळी

माझ्या शहाणपणाची गोष्ट ऐकायची असेल तर आधी चहाचा कप खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल!

ओतूरजवळ आमचं शेडनेट आहे. शेड एकच, पण चुलतभाऊ रघूशी वाटणी झाली आणि मधोमध नायलॉनची दोरी आली. अलीकडे माझी ढोबळी मिरची, पलीकडे त्याची. बोलणं बंद! यंदा दोन्हीकडे लाल कोळी पडला. जेमतेम दिसणारा किडा, पण पानांचा रस शोषून पीक पार झोपवतो. मला एकच ध्यास, वाचलं तर माझंच पीक वाचावं!

गुपचूप औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने एक बाटली पुढे केली.

"भाऊ, यात शिकारी कोळी हाईत. लाल कोळ्याचा वास काढत जात्यात अन् फस्त करत्यात."

"अन् त्या दुसऱ्या बाटलीत?"

"ती येगळी जात. दोन्ही एका जागी नका सोडू राव. दुसऱ्या जातीचा वास आला की हे तिथं थांबत न्हाईत."

मी काय केलं असेल? दोन्ही घेतल्या! अहो, दोघे मिळून काम लवकर नाही का उरकणार? आज एक बाटली शिंपडली, उद्या त्याच झाडांवर दुसरी.

झालं! पहिल्या मंडळींना परक्यांचा वास आला आणि सगळी दोरीखालून रघूकडे. तिथं लाल कोळी रग्गड, वाटेकरी कोणी नाही. दुसरी जात माझ्या फुलांतले पराग खात ऐसपैस बसली, लाल कोळ्याकडे बघेनाच. थोड्याच दिवसांत रघूची ढोबळी हिरवीगार आणि माझी पानं पिवळी पडून गळायला लागली.

घरी येऊन मी थयथयाट केला. "किडे माझे अन् राबत्यात त्याच्याकडं! दुसऱ्याचा वास आला म्हणून भरल्या ताटावरनं कुणी उठतं व्हय?"

बायकोने मान वर न करता विचारलं, "परवाच्या लग्नात रघूभावजी पंगतीत दिसले, अन् तुमी न जेवता गाडीला किक मारली. ते काय व्हतं?"



दुसऱ्या दिवशी दुपारी शेतातून आलो, तर ढोबळीच्या भाजीचा असा घमघमाट! नाक पुढे, मी मागे, थेट स्वयंपाकघरात. बघतो तर पाटावर रघू! आपल्या मिरच्या द्यायला आला होता, बायकोने जेवायलाच बसवला.

माझे पाय आपोआप दाराकडे वळले. भाकरी थापता थापता बायको ओरडली,

"बघा बघा, रघूभावजी! निघाले आमच्या घरचे शिकारी कोळी!"