डब्यातला लाल लेप

परवा मरीन परेडला आर्मेन या आर्मेनियन मित्राकडे बास्तुर्मा खाल्ला. मेथी, लसूण आणि मिरचीचा जाड लेप लावून सुकवलेलं गोमांस. कागदासारखे पातळ सहा काप मी चवीने संपवले आणि त्या वासाने अठरा वर्षांपूर्वीची एक सकाळ आठवली.

तेव्हा आई पुण्याहून इथे परदेशात, आमच्या सेरंगूनच्या फ्लॅटवर आली होती. आर्मेनने दिलेला बास्तुर्म्याचा डबा मी फ्रिजमध्ये अगदी मागे ठेवला होता. सकाळी पाहतो तर डबा ओट्यावर उघडा आणि जन्मात अंडंही न खाल्लेल्या आईच्या बोटावर तो लाल लेप.

"मेथीची चटणी कुणी दिली रे? वास छान आहे," म्हणत तिने बोट तोंडाकडे नेलं.

मी धावत जाऊन तिचा हात धरला. "आई, चाटू नकोस. त्याखाली मांस आहे."

आता ती 'कसलं?' म्हणून विचारणार, अशी भीती वाटली. खोटं मला बोलता येत नाही. तिने साबणाने तीनदा हात धुतला.

"झाकण घट्ट लाव. दुधाला वास लागेल," एवढंच म्हणाली.

तेव्हा वाटलं, तिला विचारायचं सुचलंच नाही, मी सुटलो. आता वाटतं, विचारलं तर मी खरं तेच सांगेन, हे तिला ठाऊक होतं.