रिकाम्या प्लेटवरचा हात

माझ्यासोबत काम करणारी वत्सलाक्का गेल्याचा फोन प्रयोगशाळेत आला, तेव्हा मी तिच्यावर चिडूनच बसले होते. आदल्या दुपारी उबदार खोलीतल्या फळीवर, माझ्या जागेत, जंतू वाढवायच्या आपल्या दोन प्लेट्स दामटून ती घरी गेली होती. झोपेतच हृदय थांबलं, असं तिचा धाकटा भाऊ रघुनाथ सांगत होता...

क्षयाच्या जंतूभोवती मेणचट, चिवट भिंत असते. ती बांधणाऱ्या एका एन्झाइमच्या मागे अक्का वर्षानुवर्षं हात धुऊन लागली होती. ते अडवलं की जंतू संपतो, असं तिचं म्हणणं. बाकीचे म्हणत, त्याचं काम दुसरं एन्झाइम उरकून घेईल. नवऱ्याच्या कॉम्प्युटर कंपनीमागे नागपूरहून बंगळूरला आलेली मीही त्या बाकीच्यांतच. “स्वल्प थांब, कळेल,” एवढंच ती म्हणायची. फळीवरच्या प्लेट्स त्यासाठीच होत्या. एक साधी, दुसरीच्या जेलीत एन्झाइम अडवणारं रसायन. दोन्हींवर तिनं क्षयाच्या लसीतला निरुपद्रवी जंतू तारेनं रेघा ओढत पसरला होता. तो इतका संथ, की दिसायलाच काही आठवडे लागतात.

तिचं तेरावं झालं आणि साध्या प्लेटवर अक्का उगवू लागली... ती डावखुरी. तिची वळणं सगळ्यांच्या उलट जायची, शेवटी रांगोळीसारखी गाठ. पिवळट, खरबरीत ठिपके नेमके त्याच वाटेनं वर येत होते. रोज सकाळी एखादं वळण जास्त भरलेलं. मला त्या खोलीत एकटीनं जायची भीती वाटायची. दुसरी प्लेट मात्र कोरी होती, आणि ती कोरीच राहू दे, असं मी मनात घोकत होते.

रघुनाथ इथल्याच, बंगळूरच्या शिवाजीनगरचं आपलं कापडाचं दुकान बंद ठेवून तिचा स्वेटर न्यायला आला, तेव्हा मी त्याला दोन्ही प्लेट्स दाखवल्या. पहिली बघून तो म्हणाला, “अक्काच्या हातचं आहे.” दुसरीवर तिनं काही काढलं नाही का, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं, तेच काढलंय. उगवलं नाही, म्हणजे तिचंच खरं होतं. सांगतानाच मला रडू फुटलं. त्यानं झाकणासकट प्लेट खिडकीकडे तिरपी धरली.

“आहे की इथं. नीट बघा.”

जेलीवर तारेचे बारीक चरे होते. तीच उलटी वळणं, तीच गाठ, आणि जिवंत काहीच नाही.

साधी प्लेट नियमाप्रमाणे वाफेवर निर्जंतुक करून टाकली. दुसरी अजून फळीवर आहे. रोज सकाळी मी ती तिरपी धरून बघते. जेली सुकत चालली आहे, आणि चरे दिवसेंदिवस ठळक होतायत.