खाडीकाठची दवंडी

ती घटना आठवायला मला जुनी डायरी काढावी लागत नाही. शेजारपाजारी बाळ जन्माला आले आणि कुणी हौसेने थाळी वाजवली, की पुरे. घरातले पेढ्यांची वाट पाहतात आणि मी उठून मागच्या अंगणात जातो. आजोबांना आवाज सोसत नाही, असे नातवंडांना वाटते. मी त्यांचा समज तसाच राहू दिला आहे.

पन्नासच्या दशकाची अखेर होती. मी पनवेल ठाण्यात फौजदार होतो. वय तिशीच्या आतबाहेर, अंगावर कडक इस्त्रीची खाकी आणि डोक्यात शिस्तीचे वारे. सकाळी हजेरी, मग गस्तीचा अहवाल, मग टपाल. टपालाचा ढीग अकराच्या आत उपसायचा हा माझा नेम होता. कागद वाचायचा, शेरा मारायचा, सही ठोकायची, पुढचा कागद. आमचे जमादार थट्टेने म्हणत, साहेबांच्या टेबलावर माशीसुद्धा बसायला धजत नाही. मला त्या थट्टेचा अभिमान वाटे, हे कबूल करतो.

त्या काळी खेड्यातल्या माणसाला सरकारचे म्हणणे कळायचे ते दवंडीतून. वर्तमानपत्र पनवेलच्या बाजारपेठेपलीकडे फारसे जात नसे. देवी टोचणारे कधी येणार, सारा कधी भरायचा, खाडीचा बांध फुटला तर कुणी कुठे जमायचे, हे सगळे गावचा कोतवाल डफ वाजवून ओरडून सांगायचा. मग पोलीस पाटील ठरलेल्या कागदावर ठरलेले वाक्य लिहायचा: ‘डफ वाजवून दवंडी दिली.’ खाली कोतवालाचा अंगठा, दोन पंचांच्या सह्या, आणि कागद कचेरीत. कागद आला म्हणजे गावाला कळले, असे आम्ही सगळेच धरून चालत असू.

उन्हाळ्यात खाडीकाठच्या एका गावी पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, लागण झाली. गाव दोन ठिकाणी वसलेले. शेतकरी आणि मिठागरात काम करणारे चावडीभोवती, आणि कोळीवाडा तिथून थोडा दूर, खाडीच्या अंगाला. कोळीवाड्याची विहीर दूषित झाल्याचे लोकल बोर्डाच्या आरोग्य खात्याने कळवले. हुकूम असा की, औषध टाकेपर्यंत त्या विहिरीचे पाणी कुणी पिऊ नये, आणि सर्वांनी दुसऱ्या दिवशी चावडीवर येऊन टोचून घ्यावे. त्याच दिवशी दवंडी दिल्याचा कागद कचेरीत पोहोचला. चावडीभोवतालच्या वस्तीने टोचून घेतले. कोळीवाड्यातून एकही माणूस आला नाही. चार दिवसांत कोळीवाड्यात तीन माणसे गेली. एक म्हातारा आणि दोन बाया. त्यातली एक नऊ महिन्यांची गरोदर होती.

पाचव्या दिवशी कोळीवाड्यातली दहाबारा माणसे ठाण्याच्या ओट्यावर येऊन बसली. आरडाओरडा नाही, घोषणा नाहीत. त्यांच्यातला वडीलधारा एवढेच म्हणाला, “दवंडी आमच्याकडं झालीच नाय. कोतवालानं आमची मानसं मारली.” मी तक्रार लिहून घेतली. हयगयीने लोकांच्या जिवाला धोका आणि खोटा अहवाल, अशी कलमे लागत होती. ती सिद्ध झाली तर कोतवाल तुरुंगात जाणार, नोकरी जाणार, आणि बाहेर आल्यावर त्याला त्या गावात राहणे मुश्कील होणार, हे उघड होते.

कोतवाल पन्नाशीचा, काटक, पायात काही नाही. त्याचे घर गावाबाहेरच्या वस्तीत. मी विचारले, दवंडी दिलीस का. म्हणाला, दिली. कुठे? चावडीवर आणि कोळीवाड्यावर. किती वाजता? दुपारी तिसऱ्या प्रहरी. सकाळी हुकूम आल्यापासून दुपारपर्यंत कुठे होतास? इथे तो थांबला, आणि मग म्हणाला, घरीच होतो.

नेमकी याच जागी खबर उपयोगी पडली. बाजारातल्या एका चहावाल्याने आमच्या शिपायाला सांगितले होते की, त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास त्याने या कोतवालाला पनवेलमध्ये पाहिले. काखेत फडक्यात गुंडाळलेला डफ होता. मी ते कोतवालापुढे ठेवले. त्याने ते नाकारले नाही.

माझ्या दृष्टीने प्रकरण तिथेच संपले होते. माणूस एकदा खोटे बोलताना सापडला, की तपास करणाऱ्याला त्याचे सगळेच खोटे वाटू लागते. हा आमच्या धंद्याचा रोग आहे आणि तेव्हा तो मला पुरता जडलेला होता. दोन दिवस मी त्याला ठाण्यात बोलावून प्रश्न विचारत राहिलो. हात उचलला नाही, पण जीभ आवरली नाही. “तीन माणसं तुझ्या आळसानं गेली. त्यातली एक दोन जिवांची होती,” असे मी त्याला तोंडावर म्हणालो. तो भिंतीकडे पाहत होता. “साहेब, दवंडी मी दिली,” एवढेच म्हणाला.

तिसऱ्या दिवशी जबाब घ्यायला मी कोळीवाड्यात गेलो. माझ्या पहिल्या वरिष्ठांनी मला एक गोष्ट शिकवली होती. साक्षीदाराला आपला प्रश्न विचारू नये, त्याला त्याचा दिवस विचारावा. तोवर ठाण्यावर आलेल्या प्रत्येकाला मी ‘दवंडी ऐकलीत का’ म्हणून विचारत होतो आणि प्रत्येक जण ‘नाय’ म्हणत होता. मेलेल्या गरोदर बाईची सासू दारात फाटके जाळे मांडीवर घेऊन बसली होती. सुई हातात होती, पण चालत नव्हती. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि म्हणालो, त्या दिवशी तुम्ही सकाळपासून काय काय केलेत ते सांगा.

तिने सांगितले. पुरुष मासळी घेऊन मोऱ्याच्या बंदराला गेले होते. सून घरात निजली होती. ही स्वतः विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत चारपाच बायांबरोबर मासळी वाळत घालत होती. आणि मग ती अगदी सहज म्हणाली, “दुपारच्याला थाली वाजली ना. आंब्याकडनं.”

आमच्या भागात मूल झाले की थाळी वाजवायची रीत. कोळीवाड्याच्या वेशीवर आंब्याचे झाड होते आणि झाडाला लागून पहिले घर होते ते हिचेच. थाळी ऐकून विहिरीवरच्या बायांना वाटले, हिची सून मोकळी झाली.

“मी म्हनलं, पोर झाला. बाया हसाया लागल्या. बालंतिनीला पानी तापवाया लागंल म्हनून सगल्यांनी हांडे भरले त्याच हिरीवर. घरी जाऊन बघतो तं सून आपली निजलेली. तिला उठवली, मग तीबी हसली. घामाघूम झालो होतो सगल्या. तितंच बसून पानी प्यालो. तिलाबी मीच दिला तांब्या.”

एवढे सांगून तिने सुई जाळ्यात खोवली. माझ्याबरोबरचा शिपाई लिहायचा थांबला होता. मी त्याला लिहायला सांगितले नाही.

मी उठून आंब्याखाली जाऊन उभा राहिलो. तिथून विहीर बरीच लांब. खाडीवरून दुपारचा वारा सुटला होता, तो समोरून तोंडावर येत होता. शिपायाला मी विहिरीवर पाठवले आणि हुकूम जसाच्या तसा मोठ्याने ओरडून वाचला. परत येऊन तो म्हणाला, साहेब, तुम्ही ओरडताय एवढे कळले, काय ते कळले नाही. मग घरातून एक पितळी थाळी मागून घेतली आणि वाजवली. ती मात्र विहिरीवर लख्ख ऐकू गेली.

ठाण्यावर परत येऊन मी कोतवालाला समोर बसवले. खुर्चीवर बसवले, तो बसेना, तरी बसवले. विचारले, “दवंडी थाळीवर दिलीस?”

त्याने प्रथमच माझ्या डोळ्यांत पाहिले. “होय साहेब. डफ फाटला होता.”

मग सगळे बाहेर आले. डफ कित्येक महिने कुरकुरत होता, ऐन वेळी पान फाटले. हुकूम येताच तो धावत पनवेलला आला, कातडे चढवून मिळते का पाहायला. कारागीर म्हणाला, आठ दिवस लागतील. मग तो तसाच उन्हातून चालत परत गेला आणि घरातली, बायकोच्या जेवणाची थाळी घेऊन निघाला. चावडीवर लोक जवळच होते, त्यांनी सगळे ऐकले. कोळीवाड्यात मात्र त्याने आंब्याच्या पुढे जायचे नाही, हा पिढ्यांचा रिवाज. कायद्याने ती रीत केव्हाच मोडली होती, पण गावाने नव्हती. सासूच्या घराचे दार बंद, सून झोपलेली. त्याने आंब्याखाली थाळी बडवली, विहिरीकडे तोंड करून तीनदा ओरडला, आणि बाया लगबगीने हांडे भरताना पाहून त्याला वाटले, पिण्याला नव्हे, औषध पडायच्या आत वरकामाला भरून घेतायत.

“मग हे आधी का नाही सांगितलंस?”

कागदावर ‘डफ वाजवून’ असे लिहिले होते आणि खाली त्याचा अंगठा होता. पाटील म्हणाला होता, वाक्य ठरलेले असते, बदलायचे नाही, आणि याविषयी कुठे बोलायचे नाही. थाळीचे सांगितले असते तर अंगठा खोटा ठरला असता. पनवेलला गेल्याचे सांगितले असते तर डफाचे निघाले असते. “आनि साहेब, डफासाठी अर्ज दिला होता मी,” तो म्हणाला. “कवाच दिला होता.”

कारागिराच्या दुकानात डफ मिळाला, आडवा फाटलेला. मी जप्ती पंचनामा केला आणि रागाच्या भरात मामलेदार कचेरी गाठली. कुठल्या कारकुनाने अर्ज दाबून ठेवला होता, त्याची बिनपाण्याने करायची असे ठरवूनच गेलो होतो. तिथले कारकून वयस्कर, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी आवक-जावकची वही उघडली, एका ओळीवर बोट ठेवले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “साहेब, हा अर्ज आपल्याकडेच अभिप्रायाला पाठवला होता. परत आल्याची नोंद आहे. आपला शेरा आहे त्यावर.”

त्यांनी अर्ज काढून दिला. तीन महिन्यांपूर्वीचा. अर्जदार गावचा कोतवाल, डफाचे पान विरले आहे, नवा डफ मिळावा. दवंडी पोलिसांच्या कामालाही लागते म्हणून कचेरीने आमचे मत मागवले होते. खाली माझे वळणदार अक्षर होते: ‘डफ अद्याप वाजतो असे समजते. निकड नाही.’ आणि सही. डफ वाजतो असे मला कुणी सांगितले होते, हे मला तेव्हाही आठवले नाही आणि आजही आठवत नाही. बहुधा कुणीच नाही. अकरा वाजत आले असतील.

कोतवालावरचा आरोप काढून टाकावा, असा अहवाल मी लिहिला आणि तो अर्ज माझ्या शेऱ्यासकट जोडला. आरोप निघाला, पण वरून अर्ज परत आला, ‘प्रकरणाशी संबंध नाही’ असा शेरा घेऊन. मला कुणी एका शब्दाने विचारले नाही. विचारले असते तर बरे वाटले असते. मी कोतवालाच्या घरी जाऊन त्याला शेरा वाचून दाखवला. माझे चुकले, असे म्हणालो. तो म्हणाला, “साहेब, तुमाला तरी काय म्हाईत.” माहीत करून घेणे हेच माझे काम होते, हे त्याला मी कसे सांगणार.

नवा डफ आठवड्यात आला. इतक्या झटपट आला, की त्याचीच मला लाज वाटली. त्यावरची पहिली दवंडी, टोचणारे दुसऱ्यांदा येणार आहेत, ही होती. मी मुद्दाम गेलो. कोतवाल चावडीवरून कोळीवाड्याकडे आला आणि सवयीने आंब्याखाली थांबला. डफ वर उचलला. एवढ्यात त्या पहिल्या घराचे दार उघडले आणि सासू बाहेर आली. तो दचकून एक पाऊल मागे सरला.

ती म्हणाली, “हितून काय कलत नाय. आत ये.”

तो हलेना. ती बाजूला होऊन वाट देत उभी राहिली. मग तो गल्लीत शिरला, डफ वाजवत, विहिरीपर्यंत. दारोदारी माणसे उभी होती. कुणी आत गेले नाही.

पुढे मी बरीच वर्षे नोकरी केली. चोर पाहिले, खुनी पाहिले, त्यांच्यापुढे कधी डगमगलो नाही. पण त्या गावच्या तीन मृत्यूंत कुणी गुन्हेगार नव्हता, होती ती एक रीत, एक ठरलेले वाक्य आणि एक माझी सही. रीत त्या म्हातारीने मोडली, जिचे सर्वांत जास्त गेले होते तिने. माझ्याकडून एवढेच झाले, की मी अकराचा नेम सोडला. त्यानंतर माझ्या टेबलावर कागद साचू लागले आणि जमादार थट्टा करायचे थांबले.