कॅम्पची मेंबरशिप आणि सलीमभाईंची फाईल

गेल्या रविवारी आम्ही दोघं नारायणगावला एका हॉलमध्ये जेवायला गेलो... फुकट. माझा संशय तिथूनच सुरू झाला.

आमचे हे एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले आणि त्यांनी एक जुनी ट्रॅव्हलर घेतली. सीटा काढून दोन बेड, शेगडी, सिंक, पाण्याची टाकी... सगळं स्वतःच्या हाताने, अवसरीच्या आमच्या अंगणात. मी अजून शाळेत शिकवते, त्यामुळे सुट्टी आली की आम्ही गाडी काढतो.

मंचरच्या पेट्रोल पंपावर कुणीतरी फॉर्म भरून घेतला होता. मग फोन आला, तुमचं कूपन लागलंय, जेवायला या... पण नवरा-बायको दोघांनी यायचं, एकट्याने चालणार नाही. का चालणार नाही? हे कुणी सांगेना.

जेवण झाल्यावर ब्लेझर घातलेली एक मुलगी समोर येऊन बसली. जुन्नरच्या बाजूला धरणाच्या पाण्यालगत त्यांचा कॅम्प आहे म्हणे. आपली गाडी तिथे न्यायची... लाइट, पाणी, बाथरूम सगळं क्लबचं. दहा वर्षांची मेंबरशिप, पैसे एकदाच. आणि हा रेट फक्त आजच्या दिवस!

"कागद द्या, घरी नेऊन वाचते," मी म्हटलं.

"सॉरी मॅम, ॲग्रीमेंट बाहेर देता येत नाही." ती इतकं गोड हसली की मी पर्स आणखी घट्ट धरली.

हे मात्र खिशातलं पेन काढून तयार! त्या रकमेत आमच्या घरावरचे सगळे पत्रे बदलून झाले असते. मी ह्यांना जवळजवळ ओढतच बाहेर आणलं. परतताना गाडीत मनात म्हटलं, जरा कुणी गोड बोललं की हा माणूस विरघळलाच.

तरी ह्यांच्या डोक्यातून तो कॅम्प जाईना, म्हणून बुधवारी मी रजा टाकली. दोघांनी न कळवता जाऊन कॅम्प बघायचा, म्हणजे खरं काय ते कळेल. गेटवर नाव लिहून घेतलं आणि आत सोडलं.

आत एकच गाडी उभी होती, पांढरी व्हॅन. पुढे दोन खुर्च्या, दोरीवर वाळत घातलेली ओढणी. सत्तरीचे एक गृहस्थ उठून आले. "या पावणं, चहा घ्या!" हे जुन्नरचे सलीमभाई. कापडाचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. मी शिक्षिका म्हटल्यावर तर आणखी खूश झाले, आणि मग कौतुक सुरू... गरम पाणी टायमाला, बाथरूम चकाचक, माणसं लई चांगली.

मी जाऊन बाथरूम बघून आले. खरंच स्वच्छ. त्याने माझा संशय आणखी वाढला. अख्ख्या कॅम्पात एक गाडी, आणि तिचा मालक असं तोंड भरून कौतुक करणारा... क्लबनेच बसवलेला असणार.

शेवटी विचारलंच. "तुम्हाला यांच्याकडून कमिशन किती मिळतं?"

ह्यांनी कप खाली ठेवला. सलीमभाईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात व्हॅनमधून त्यांच्या बायकोचं हसू ऐकू आलं. "बरं इचारलंत बाई! आमी न्हाई इचारलं कुनाला काय."

सलीमभाई आत गेले. मला वाटलं, रागावले. पण ते एक निळी फाईल घेऊन बाहेर आले आणि माझ्या हातात दिली. "तुमी मास्तरीण ना? मग वाचा. सही करताना आमी न्हाई वाचलं."

झाडाखाली बसून सगळी पानं वाचली. मेंटेनन्स दरवर्षी वेगळा भरायचा, आणि तो वाढवायचा हक्क क्लबचा. भरलेले पैसे परत नाहीत. शनिवार-रविवार आणि सणाच्या सुट्ट्यांत जागा असेल तरच मिळणार...

"मग तुम्ही एवढं कौतुक का करता?"

"आमाला परवडतं. हिला दमा हाय, गल्लीत जीव घुसमटतो तिचा. सोमवारी येतो, शुक्रवारी जातो... दर आठवड्याला. तुमी कवा येनार?"

"शनिवार-रविवारी," मी म्हटलं.

"मग नका घेऊ." त्यांनी फाईल बंद केली.

मला अगदी जिंकल्यासारखं वाटलं! ह्यांच्याकडे पाहिलं तर हे खाली बघत बसलेले. मी म्हटलं, "त्या मुलीच्या बोलण्याला एवढे भुललात?"

"तिचं कोण ऐकत होतं गं? गाडी काढायची म्हटलं की तू आदल्या संध्याकाळपासून पाणी प्यायचं बंद करतेस. रस्त्यात बाईमाणसाची सोय नसते. म्हटलं, तुझ्यासाठी एक तरी जागा हक्काची..."

हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. ह्यांनासुद्धा नाही.

भाभी व्हॅनमधून खाली उतरल्या, माझा हात धरून मला आत घेऊन गेल्या. पडद्यामागे बादलीएवढं एक छोटं टॉयलेट ठेवलेलं. "ह्ये घ्या बसवून. कुटं बी जा मग." ह्यांनी तिथल्या तिथे टेप काढून मापं घेतली. टेपचं दुसरं टोक सलीमभाईंनी धरलं होतं.

निघताना मी त्यांची माफी मागितली. म्हणाले, "इचारलं ते बेस केलंत. चहा तेवढा थंड झाला आमचा!"

मेंबरशिप घेतली नाही. सध्या अंगणात प्लायवूड कापायचं काम जोरात सुरू आहे...

सलीमभाई फेसबुकवर नाहीत, हे त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. तरी लिहिते. तोंडावर संशय घेणाऱ्या बाईच्या हातात आपली फाईल ठेवायला मोठं मन लागतं. त्यांची माफी मी लगेच मागितली... ह्यांची मागायची मात्र राहूनच गेली होती. आज इथे, सगळ्यांसमोर मागते.