गोलकीपरचा सत्कार

आमच्यात एखाद्याला हाकलायचं असेल तर आधी त्याला शाल पांघरवतात. हे मला माहीत होतं, आमच्या कोचला नव्हतं. तीस वर्षं उलटली तरी आठवलं की डोकं तापतं.

ऐंशीच्या दशकात मी न्यू जर्सीत एमएस करत होतो आणि पार्सिपनीच्या मराठी लोकांच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर होतो. पात्रता एकच, उंची. आमचा कोच तुर्की होता. तिकडे मोठ्या क्लबचा गोलकीपर. उतारवयात अमेरिकेतल्या लीगने त्याला बोलावून घेतलं, मग ती लीगच बुडाली आणि हा पठ्ठ्या स्कूलबस चालवू लागला. "पाच दिवस मी ड्रायव्हर," म्हणायचा, "शनिवारी मी मी असतो."

महिनाभर त्याने मला बॉलला हात लावू दिला नाही. "बॉल नंतर. आधी जमीन!" डावीकडे पड, उजवीकडे पड, ऊठ, पुन्हा पड. "गवताला घाबरतोस? गाय नाही घाबरत!" इतका आनंदाचा छळ मी आयुष्यात दुसरा सोसला नाही.

आमच्या टीमचे अध्यक्ष डॉक्टर होते. प्रॅक्टिस दहाची, हे उगवणार पावणेअकराला, आणि खेळणार सेंटर फॉरवर्ड! एका शनिवारी कोचने त्यांना मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या. सगळ्यांसमोर. त्यांच्या बायकोसमोर!

मंगळवारी कमिटी बसली.

"काढू या त्याला," डॉक्टर म्हणाले.

"अहो, पण अपमान नको व्हायला," कमिटीतलं कुणीतरी म्हणालं.

"मग सत्कार करू!"

मी तिथेच होतो, चिवडा खात.

गुरुवारी शाल, नारळ, भाषण. "त्यांनी दिलेला वेळ आम्ही विसरणार नाही," डॉक्टर म्हणाले. आमच्या लोकांना काय ते कळलं. त्याने मात्र डोळे पुसले, डॉक्टरांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि माझ्या कानात म्हणाला, "माझ्या क्लबनेसुद्धा माझ्यासाठी असं कधी केलं नाही रे."

शनिवारी पावणेदहाला तो मैदानावर हजर! गळ्यात ती शाल, टीमच्या मफलरसारखी. तो सरावाचे प्लॅस्टिकचे कोन मांडत होता, एवढ्यात डॉक्टर कधी नव्हे ते वेळेवर उगवले, आणि सोबत त्यांचे मेहुणे, नवी कोरी शिट्टी घेऊन. जो तो खाली वाकून बुटाची लेस बांधू लागला. शेवटी मीच त्याला बाजूला घेऊन सांगितलं.

"तीन क्लबांनी काढलं मला," तो सावकाश म्हणाला. "एका मालकाने तर खुर्ची फेकली. पण तोंडावर सांगितलं. तुला कधीपासून माहीत होतं?"

"मंगळवारपासून."

त्याने मान हलवली, एकेक कोन उचलला आणि गाडीकडे चालू लागला. मागे शिट्टी वाजली. "गोलमध्ये जा रे!" मेहुणे ओरडले. मी जागचा हललो नाही. ग्लोव्ह्ज काढले आणि डॉक्टरांपुढे धरले. "तुम्हीच उभे राहा. तोंडावर सांगता येत नाही, तर निदान गोल तरी अडवा!"

"अरे, असा रागावतोस काय?" डॉक्टर माझ्या खांद्यावर हात ठेवत म्हणाले. "तुझाही सत्कार करू!"

सगळे खदाखदा हसले. मी ग्लोव्ह्ज चिखलात आपटले आणि पार्किंगकडे धावलो. त्याची गाडी निघून गेली होती.