नाकापासून चाळीस वल्ही

अन्याय आमच्या घाटाखालच्या नावाडणीवर झाला. गेल्या वर्षी, रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सव्वाअकराला. मी तिथं होते. कागद माझ्या हातात होता आणि तो आमच्याच घरात तयार झाला होता.

काशीच्या अमृतराव घाटावरून समोर बघितलं की पाण्यात एक बेट दिसतं. बारा महिने नाही. पूर ओसरला की आश्विनात म्हशींच्या पाठींसारखे दोन उंचवटे वर येतात, कार्तिकात ते जुळतात. दक्षिणेच्या टोकाला नाक म्हणतात, धार तिथं आपटते. गंगा इथे उत्तरेकडे वाहते. ती नाक खाते आणि तीच रेती शेपटीला नेऊन टाकते, म्हणून बेट दर वर्षी थोडं उत्तरेला सरकतं. आषाढात सगळंच बुडतं. सरकारी नकाशात तिथं नुसता निळा रंग आहे.

या बेटाला इतिहास आहे, फक्त तो कुणी लिहिलेला नाही. नावाडणीची सासू तिथं खरबुजं लावायची, त्याआधी तिची सासू. बेट वर आलं की घरातली सर्वांत म्हातारी बाई नाकाशी उतरते आणि वल्हं आडवं टाकत मोजत जाते. पहिली चाळीस वल्ही नावाडणीची, पुढची तिच्या जावेची. मोजताना घाटाकडे कुणी बघतसुद्धा नाही. यावरून भांडण झालेलं मी तरी ऐकलं नाही.

मग टेंटवाला ठेकेदार आला. त्याला रेतीवर पर्यटकांसाठी तंबू ठोकायचे होते. मी तेव्हा पत्रकं वाटत फिरायचे आणि सगळ्या पत्रकांत एकच मागणी असायची, लेखी द्या. नावाडणीलाही तेच सांगितलं, "चाची, वाडीच्या जागेसाठी दरख्वास्त देऊ, नकाशा जोडू." बाबा रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसातून रिटायर झालेले. त्यांनी घाटाच्या बुरुजापासून अंतरं धरून शाईनं देखणा नकाशा काढला. चाची बराच वेळ बघत राहिली.

"बिटिया, ये तो बैठा हुआ है. आमचं बेट चालतं."

"कागदावर कसं चालेल, चाची?"

दरख्वास्त वर्षभर पडून राहिली. मधे एक पूर येऊन गेला. नवा नकाशा काढू या का, असं मी बाबांना विचारलं. "शिक्का बसलेल्या नकाशाला हात लावायचा नसतो," ते म्हणाले. मलाही ते पटलं. आम्ही तसली माणसं आहोत.

त्या रामनवमीनंतरच्या सकाळी सरकारी साहेब जागा तपासायला नावेतून आले आणि नकाशाप्रमाणे बुरुजापासून मोजलं. नकाशात जिथं चाचीची वाडी होती तिथं कमरेएवढं पाणी. वेली शंभर पावलं पुढे, फळं लिंबाएवढी.

"मॅडम, आपका टापू तो बह गया," साहेब म्हणाले. टेंटवाल्याची माणसं हसली. साहेबांनी लिहिलं, अर्जदाराची जागा अस्तित्वात नाही. दुपारपर्यंत वेली उपटून झाल्या होत्या.

चाचीनंच मला नावेतून परत सोडलं. "खाना खाया?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. खाल्लं नव्हतं.

राग यायला हवा होता. पत्रकांत तो मी कितीदा तरी लिहिला आहे. आला नाही. घरी गेले, पाय धुतले. बाबांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, नकाशा बरोबर होता. अजूनही त्या दिवसाचा विचार केला की पाण्याचा रंग आठवतो, बाकी काही होत नाही.

अपील केलं आहे. या वेळी मोजमाप नाकापासून लिहिलं आहे. आता साहेब विचारतात, बेट दर वर्षी येतं आणि सरकतं, पुरावा काय? चाचीचा शब्द त्यांना चालत नाही, माझा तर नाहीच.

पुरावा तुमच्याकडे आहे. तुम्ही आईवडलांना घेऊन काशीला आलात, पायरीवर उभे राहून फोटो काढलात. तुमच्या खांद्यामागे पाण्यात एक पिवळी पट्टी आहे, तिच्यावर हिरवे ठिपके आहेत. तो फोटो आज शोधा. मागे महिना आणि वर्ष लिहा, खाली सही करा आणि सुनावणीआधी आमच्यापर्यंत पोचवा. हळहळ नको. फोटो द्या.